मर्सी मॅडमची मावळी मराठी

परदेशातून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय शिकवावं, असं कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगेन : बादली. नमस्कार, साडी, हाताने जेवणं हे सगळं पुढचं. आधी बादलीत गरम किती नि गार किती घ्यायचं, तांब्या कसा बुडवायचा, केस धुताना शेवटचे दोन तांबे कसे राखून ठेवायचे, हे शिकवायचं. एकदा अंघोळ जमली की माणूस निम्मा रुळतो. उरलेला निम्मा कधी रुळतो, कधी नाही.

मी मावळात एका निवासी शाळेच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. रेक्टर हा शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात ताप बघायचा, भांडणं सोडवायची, घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलीला जेवायला बसवायचं आणि पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवायचं, असं ते काम. लोणावळ्यापासून जवळ, डोंगराच्या पायथ्याला आमची शाळा. औंढे आणि आजूबाजूच्या गावांतली मुलं रोज घरून यायची, वरच्या ठाकरवाड्यांतल्या मुली वसतिगृहात राहायच्या. संस्थेच्या अध्यक्षांची एक हौस होती. दरवर्षी ते परदेशातून एक इंग्रजीची शिक्षिका किंवा शिक्षक वर्षभरासाठी आणायचे. त्यांना रुळवायचं काम कुठल्याच नेमणूकपत्रात नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आलं.

त्यांत नाना तऱ्हा बघितल्या. कॅनडाचा एक उंच मुलगा सापाला भ्याला नाही, विंचवाला भ्याला नाही, पण जुलैत त्याच्या बुटांवर, पट्ट्यावर आणि शेवटी पासपोर्टवर बुरशी चढली तेव्हा तो मुकाट्याने बॅग भरून निघून गेला. आयर्लंडच्या एक वयस्कर बाई इतक्या रुळल्या, की भाजीवाल्याशी वरच्या कोथिंबिरीसाठी हुज्जत घालायच्या आणि जिंकायच्या. पण कुणाबद्दल मनापासून सांगावंसं वाटत असेल, तर ते मर्सीबद्दल.

मर्सी केनियाहून आली. नैरोबीच्या वरच्या अंगाला चहाचे मळे आहेत, तिथली. वय तिशीच्या आतबाहेर. मी तिला लोणावळा स्टेशनवर घ्यायला गेले, रिक्षात बसवून शाळेत आणलं. फाटकाशी रिक्षा थांबली. अध्यक्षांनी तिथे मोठा फ्लेक्स लावला होता : ‘आता शिका अस्सल इंग्रजी, परदेशी शिक्षिकेकडून!’ शेजारी सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या एका बाईचं चित्र. कुठून उतरवून घेतलं होतं देव जाणे.

मर्सी बराच वेळ फ्लेक्सकडे बघत राहिली. मग मला इंग्रजीत विचारलं, “ह्या कोण?”

“तुम्ही,” मी म्हटलं.

ती इतकी हसली, की रिक्षावाला पण हसायला लागला. त्याला कशाला ते कळलं नव्हतं.

पालकांना मात्र हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी दत्ताभाऊ फाटकाशी उभे. औंढ्याचे शेतकरी, घरच्या आणि गावातल्या दुधाचा टेम्पो रोज लोणावळ्याच्या हॉटेलांना घेऊन जायचे. माणूस सरळ, पण जीभ तिखट. त्यांची सोनाली सातवीत होती.

“शोभाताई, ह्या बाई इंग्रज न्हाईत.”

“केनियाच्या आहेत, भाऊ. तिथे शाळेत इंग्रजीच शिकवत होत्या.”

“ते आसंल. पन आफ्रिकेतल्या बाईकडनंच शिकायचं तर आपल्या इंग्रजीच्या पवारसरांनी काय घोडं मारलंय? बोर्डावर एक आन् हितं भलतंच. आमी काय खुळं हावोत?”

मर्सी माझ्या मागेच उभी होती. भाऊ गेल्यावर तिने विचारलं, ते काय म्हणाले. मी होतं तसं सांगितलं. मला वाटलं, हिचा चेहरा पडेल. ती जरा विचार करून म्हणाली, “त्यांचं बरोबर आहे. मी इंग्रज नाही. पण मग मी इंग्रजी कशी शिकले, हे त्यांनी विचारलं का?”

“नाही.”

“मग ते मला त्यांना सांगावं लागेल. तुम्ही मध्ये उभ्या राहून नाही, त्यांच्या भाषेत.”

मला ते तेव्हा नव्या उत्साहातलं बोलणं वाटलं. संध्याकाळी अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. दत्ताभाऊंसारखे बरेच जण त्यांच्याकडेही जाऊन आले होते. “दिवाळीपर्यंत बघू,” ते म्हणाले. “सूर असाच राहिला तर त्यांना परत पाठवण्यावाचून इलाज नाही.” हे मी मर्सीलाही सांगितलं. ती म्हणाली, “दिवाळी म्हणजे कधी?” आणि बोटांवर महिने मोजले.

पहिले दोन महिने वाईट गेले. पावसाचा, धुक्याचा तिला त्रास नव्हता. तिच्या गावाला असंच धुकं असतं म्हणे. त्रास माणसांचा होता. रविवारी आम्ही लोणावळ्याच्या बाजारात जायचो. चिक्कीच्या दुकानांपुढे पर्यटकांची झुंबड. मर्सी दिसली की त्यांचे मोबाइल वर व्हायचे. कुणी न विचारता शेजारी उभं राहून फोटो काढायचं, कुणी तिच्या बारीक वेण्यांना हात लावून बघायचं. एकदा गाडीतून चाललेल्या पोरांनी काहीतरी ओरडून दात काढले. काय ओरडले ते तिला कळलं नाही, मला कळलं. त्या पोरांची मला जितकी चीड आली तितकीच लाज वाटली.

त्यानंतर तिने बाजारात येणं बंद केलं. शाळा सुटली की खोलीत. एकदा मी दार वाजवून आत गेले, तर खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. दोरीवर न वाळलेले कपडे, खोलीभर ओलसर वास.

“शोभाताई,” ती म्हणाली, “इथे दिवसभर सगळे माझ्याकडे बघतात. बोलत कुणीच नाही.”

तिच्या भाषेतली समजूत मला घालता येत नव्हती, माझ्या भाषेतली तिला कळली नसती. मी म्हटलं, “चला, चहा घेऊ,” आणि तिला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात नेलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, आणि ते काही ठरवून केलेलं नव्हतं.

स्वयंपाकघर हौसामावशीचं. औंढ्याची, साठीला टेकलेली, तोंडाचा पट्टा सतत चालू. इंग्रजी येत नाही याची तिला ना खंत ना दखल. मर्सी दारात दिसताच तिने मेथीची जुडी पुढे सरकवली.

“बस हितं. ह्ये निवड. काड्या घेऊ नगं, नुस्ती पानं.”

मर्सी बसली, पानं खुडायला लागली. चुकत होतं ते मावशी हाताने दाखवत होती, बाकी बोलणं मराठीतच. सून कशी बोलत नाही, कुकरची शिट्टी कशी बिघडली, भात कसा महागलाय. तिच्याशी हळू बोलायचं, हातवारे करायचे, असं आम्ही सगळे करायचो. मावशी मात्र तिच्याशी जशी माझ्याशी बोलायची तशीच बोलत होती. जाताना मर्सीच्या हातात गरम भाकरीचा चतकोर आणि वर ठेचा ठेवला. ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी म्हणाली, “रडतीयास व्हय? रड. पन सगळा खायचा.”

दुसऱ्या दिवशी मर्सी आपण होऊन स्वयंपाकघरात गेली. मग रोजच. एकदा तिने लोणावळ्याहून मक्याचं पीठ मागवलं आणि त्यांच्याकडचा रोजचा पदार्थ केला, उगाली. उकळत्या पाण्यात पीठ घालून लाकडी उलथन्याने घोटत घोटत घट्ट केलेला गोळा. मावशीने चव घेतली. “ह्यो तर घाटा! आमी ल्हानपनी ह्येच खाल्लंय. ह्येच्यासाठी इमानात बसून यायला लागतंय व्हय?” चहा त्यांच्याकडे दुधाचाच असतो, चपातीला चपातीच म्हणतात, दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, हे कळल्यावर तर मावशीने तिला नात्यात घेऊन टाकलं. ‘ए मरसे’ म्हणून हाक मारायला लागली. मला अजून ‘ताई’ आणि ‘तुमी’, तिला ‘मरसे’ आणि ‘तू’.

आता वर्गाचं सांगते. बाहेरच्यांना वाटतं, इंग्रजी अवघड असतं ते व्याकरणामुळे. आमच्या मुलांचं व्याकरण वाईट नव्हतं. गाळलेल्या जागा भरत होती, पाठ म्हणत होती. अडत होती ती जीभ. उत्तर येत असूनही तोंड उघडत नसे, कारण उच्चार चुकला की वर्ग हसतो, आणि एकदा वर्ग हसला की ते मूल वर्षभर मिटतं. दत्ताभाऊंची सोनाली अशीच होती. अक्षर मोत्यासारखं. ‘व्हॉट इज युवर नेम?’ विचारलं की मान खाली. शिक्षक रागावले की अजून खाली.

एक दिवस मी काही निरोप द्यायला सातवीच्या वर्गाशी गेले, तर आत हसण्याचा नुसता धुमाकूळ. फळ्यावर मर्सीने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : लोणावळा. आणि ती म्हणत होती, “लोनावला.”

“न्हाई, मॅडम! ळा! ळा!”

“ला.”

पुन्हा हसणं. ती हसू देत होती. थांबवत नव्हती, रागावत नव्हती, हसून घेईपर्यंत खडू हातात धरून शांत उभी. “अगेन,” म्हणायची आणि पुन्हा चुकायची. काही वेळा मुद्दाम चुकत असावी, पण बहुतेक वेळा खरंच चुकत होती. मग तिने विचारलं, कोण शिकवेल? कुणी पुढे येईना. आणि सोनाली उठली. पुढे जाऊन तिने तोंड उघडून जीभ मागे दुमडून दाखवली. “जीभ वर न्या, मॅडम. टाळूला. मंग सोडा. ळ.”

बोलली मराठीतच, पण साऱ्या वर्गापुढे उभी राहून बोलली. मर्सीने जीभ दुमडली, डोळे मिटले, आणि तिच्या तोंडून एक बऱ्यापैकी ‘ळ’ निघाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग तिने इंग्रजी शब्द लिहायला खडू सोनालीच्या हातात दिला आणि इंग्रजीत म्हणाली, “आता माझी पाळी. आता मी शिकवणार, तुम्ही चुकणार.”

रोज असंच चालायचं. तासाची सुरुवात मुलांनी तिला मराठी शिकवण्याने. तिने आपलं मनसोक्त हसं करून घ्यायचं. त्यानंतर मुलं चुकली तर त्यांना हसायला कुणाला तोंडच उरायचं नाही. परक्या गावात दिवसभर ज्या हसण्याने बाई बेजार झाली होती, तेच हसणं तिने वर्गात नेऊन कामाला लावलं. मी पुष्कळ शिक्षक बघितलेत. एवढं धाडस क्वचित बघितलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा झाली. सभागृह भरलेलं. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं आणि म्हणाले, पालकांच्या काही शंका आहेत, त्यांनी मांडाव्यात. दत्ताभाऊ उठले. “बाईंचा आमाला राग न्हाई. मानूस चांगलं हाय, पोरं सांगत्यात. पन ज्यांची भाषा त्यांच्याकडनं शिकावी, येवढंच आमचं म्हननं.”

मी भाषांतर करायला उठले. मर्सीने हाताने मला बसवलं आणि माइकपाशी गेली.

“भाऊ बरोबर बोलत्यात,” ती म्हणाली. “मी इंग्रज न्हाई.”

पवारसरांचा चष्मा नाकावर आला.

“माजी आई चहाच्या मळ्यात पानं तोडती. तिला इंग्रजी येत न्हाई. मलाबी येत नव्हतं. घरात आमची येगळी भाषा, बाजारात येगळी, साळंत इंग्रजी. आमच्या भाषेत ‘र’ आन् ‘ल’ येका जागी व्हत्यात. साळंत बाईनी इचारलं, तुला खायला काय आवडतं? मला म्हनायचं व्हतं राइस. राइस म्हंजी भात. मी म्हनले लाइस.” तिने थोडं थांबून मागच्या रांगेकडे बघितलं. “लाइस म्हंजी उवा. मी म्हनले, मला उवा लय आवडत्यात.”

आख्खं सभागृह फुटलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिने इथेही सगळ्यांचं हसून होऊ दिलं.

“समदा वर्ग आसाच हसला,” ती म्हणाली. “मंग मी वरीसभर बोलले न्हाई.”

हसणं विरलं. पुढचं मराठीत जमेना तेव्हा ती इंग्रजीत बोलली आणि मी सांगितलं : “ज्यांना ही भाषा जन्मापासून येते, त्यांना ती कुठे टोचते ते माहीत नसतं. मला माहीत आहे. तुमच्या मुलीला नेमकं कुठे टोचतं, ते मला दिसतं. तेवढंच माझ्याजवळ आहे. ते पुरेसं वाटत नसेल तर मी जाते.”

अध्यक्ष मूळचे पुण्याचे. ते माझ्याकडे वाकून कुजबुजले, “शोभाताई, ही कसली मराठी शिकवलीत त्यांना?”

कुजबुज जरा मोठीच झाली. मागून हौसामावशीचा आवाज आला, “आमची!”

पुन्हा हशा झाला. दत्ताभाऊ उभेच होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “बाई,” ते म्हणाले, “आमच्या सोनीला कुटं टोचतंय?”

“भाऊ, ती हुशार हाय,” मर्सी म्हणाली. “तिला वाटतं, बा हसंल.”

भाऊंनी मान खाली घातली. ते बसले, आणि सभेत पुन्हा त्या विषयावर कुणी बोललं नाही. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी मीच उतरवला. कुणाला विचारलं नाही.

मर्सी राहिली. भाऊबिजेला वसतिगृहातल्या ठाकरवाडीच्या मुली तिला वाडीवर घेऊन गेल्या. भाताची कापणी बघून आली, पायात काटा मोडून घेऊन आली. बाजारात कुणी न विचारता फोटो काढायला लागलं, की “इचारलं का?” म्हणून दरडावायची. समोरचा चाट पडायचा आणि चिक्कीवाले गल्ल्यामागे हसायचे.

संक्रांत झाली आणि एका दुपारी तिला भावाचा फोन आला. आई गेली. मळ्यावरून घरी आली, जरा पडते म्हणाली, उठली नाही. मर्सीने हे मला अगदी सरळ आवाजात सांगितलं. रडली नाही. अध्यक्षांबद्दल मी मघाशी जे लिहिलं ते लिहिलं, पण त्या दिवशी त्यांनी आपली सगळी कामं टाकून तिचं तिकीट काढलं, स्वतः गाडी घेऊन मुंबईच्या विमानतळावर सोडायला गेले. निघताना हौसामावशीने भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली. ‘परत ये’ असं कुणीच म्हटलं नाही. आई गेलेल्या माणसाला तसं म्हणायचं कोणत्या तोंडाने? आणि खरं सांगायचं तर कुणाला वाटतही नव्हतं. तिथे वडील, भाऊ, आपली माणसं. इथे वर्ष संपायला उरलेले तीन महिने. पवारसरांनी तिचे तास आपल्याकडे घेतले.

फेब्रुवारीत ती परत आली. पाऊण दिवसाचा प्रवास करून, स्टेशनवरून रिक्षा करून, थेट स्वयंपाकघरात. मी गेले तर हौसामावशीसमोर पाटावर बसून चहा पीत होती. बारीक झाली होती. “तिकडे सगळे विचारत होते, कशाला जातेस,” ती मला म्हणाली. “मी सांगितलं, माझा वर्ग अर्धा राहिलाय.”

संध्याकाळी औंढ्याहून दत्ताभाऊंचा टेम्पो आला. पुढे भाऊ, मागे त्यांची बायको सुमनवहिनी आणि आणखी तिघीचौघी. हातात पिठलं-भाकरीची टोपली. आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, शेजारपाजारचे जेवण आणतात. वहिनींच्या हातात एक लुगडं होतं, हिरवं, साध्या काठाचं. आई गेलेल्या लेकीला माहेरची माणसं दुखवट्याचं लुगडं करतात.

मी मर्सीला ती रीत समजावली. मग वहिनींना विचारलं, “पण हे तर माहेरच्यांनी करायचं ना?”

“व्हय,” वहिनी म्हणाल्या. “हितं तिचं दुसरं कोन हाय, ताई?”

त्यांनी लुगडं मर्सीच्या खांद्यावर घातलं. तोवर कोरड्या राहिलेल्या बाईला तेव्हा रडू फुटलं. वहिनींनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. दत्ताभाऊ बाहेर टेम्पोशी पाठ करून उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी तिने ते लुगडं नेसायचं ठरवलं. मावशीने नेसवून दिलं, चालताना पाय अडकू नये म्हणून घोट्याच्या वर ठेवलं. तशीच ती सातवीच्या वर्गात गेली. मी काही कामाचं निमित्त काढून दाराशी रेंगाळले. आज तरी ही बाई ‘ळ’ शिकणार नाही, एवढं मुलांनाही कळत होतं. तिने हजेरी घेतली, पुस्तक उघडलं, पान सापडेना म्हणून उलटत राहिली.

सोनालीने हात वर केला. मर्सीने मानेनेच हो म्हटलं. सोनाली उठली, बाकाची कड घट्ट धरली आणि म्हणाली, “मॅडम, नाउ युवर फादर... हू कुकिंग?”

वाक्यात चुका होत्या. एरवी मर्सी चूक तशी सोडत नसे. पुन्हा म्हणायला लावायची, हसून, पण लावायचीच. त्या दिवशी तिने पुस्तक मिटलं आणि टेबलाच्या कडेवर टेकली.

“माय ब्रदर्स वाइफ,” ती म्हणाली. “शी कुक्स फॉर हिम.”

सोनाली बसली नाही. तिचं अजून विचारायचं राहिलं होतं.

“शी कुक गुड?”

मर्सीला हसू आलं, डोळे भरलेलेच होते. “नो,” ती म्हणाली, “नॉट व्हेरी गुड.” आणि मग एकेक करून बाकीचे हात वर व्हायला लागले.